दोनशेतले एकोणतीस दाणे

१

रविवार, ३० जून १९९६, दुपारी सव्वादोन. मोजणीच्या खोपीतल्या टेबलावर एक लक्ष्यपत्र होतं आणि त्यावर पाच भोकं होती. शेजारी झाडलेल्या काडतुसांच्या पाच रिकाम्या पुंगळ्या होत्या. सामन्याआधी अंदाजासाठी झाडलेल्या आणखी चार पुंगळ्या वेगळ्या ठेवल्या होत्या. वीस खणांच्या लाकडी डब्यात अकरा भरलेली काडतुसं उरली होती. पाच, चार आणि अकरा मिळून वीस. कुठेही काही कमी नव्हतं.

तरीही टेबलापलीकडे उभे असलेले एव्हरेट कुन्स शांतपणे म्हणाले, "माझ्या काडतुसांत कोणीतरी हात घातलाय."

मी व्हर्नियर पुन्हा लावला. हजार यार्डांवर पाच गोळ्या झाडायच्या आणि त्या किती जवळजवळ पडल्या ते मोजायचं, एवढाच आमच्या डोंगरातल्या क्लबचा खेळ. मोजणी माझ्याकडे होती, कारण मी भौतिकशास्त्रात पदवी घेऊन नुकतीच गावी परतले होते आणि तिसऱ्या दशांशावर माझा हात थरथरत नव्हता. पाच भोकांच्या पुंजक्याची रुंदी भरली ४.१२५ इंच. उंची भरली १९.३४०.

दोन जूनला याच रायफलने, याच बाकावरून, एव्हरेटचा अख्खा पुंजका साडेचार इंचांत बसला होता.

रुंदी वाऱ्यामुळे येते. झेंडे बघून कधी थांबायचं आणि कधी झाडायचं, हे झाडणाऱ्याने ठरवायचं असतं, त्यामुळे रुंदीत त्याची पारख दिसते. उंचीचं तसं नसतं. एक गोळी वेगाने आणि दुसरी हळू निघाली, की हजार यार्डांवर एक वर लागते, दुसरी खाली. उभी रांग दिसली की सगळे आधी पावडरीकडे, म्हणजे काडतुसातल्या बंदुकीच्या दारूकडे बघतात.

"सोळा तारखेलाही असंच झालं," एव्हरेट म्हणाले. "तेव्हा मी रायफलच्या नळीला दोष दिला. नळी बदलली. पंचेचाळीस वर्षं मी काडतुसं हाताने भरतोय, पोरी. प्रत्येक पुंगळी तोललेली, प्रत्येक माप काट्यावर. माझ्या हातून उभी रांग येत नाही."

क्लबचे अध्यक्ष हार्लन मेट्झ दारात उभे होते. त्यांनी टोपी काढली, परत घातली. "एव्हरेट, हे बाहेर बोलू नकोस. भरलेल्या पावडरीत भेसळ म्हणजे नळी फुटून डोळा जायचा प्रकार. हे पोरखेळ नाहीत."

"म्हणूनच बोलतोय," एव्हरेट म्हणाले. "काडतुसं भरायच्या माझ्या खोलीची किल्ली घरातल्या तिघांकडे आहे. आणि चौदा तारखेला आणखी एक जण आत आला होता."

"कोण?"

एव्हरेटनी खिडकीतून बाहेर बघितलं. सात नंबरच्या बाकावर वॉरन स्टोल्ट्झ आपली रायफल पुसत बसले होते. दोघं चाळीस वर्षांचे मित्र, आणि तितकीच वर्षं एकमेकांचे प्रतिस्पर्धी.

२

हार्लननी शोध माझ्यावर सोपवला. "तुझं कोणाशी वाकडं नाही आणि तुला आकडे कळतात," ते म्हणाले. बुधवारी फायर हॉलमध्ये, म्हणजे गावच्या अग्निशमन दलाच्या सभागृहात, क्लबची सभा होती. तोपर्यंत तीन दिवस.

सोमवारी मी एव्हरेटच्या घरी गेले. काडतुसं भरायची खोली गॅरेजच्या मागे होती. भिंतीला लागून बाक, त्यावर दांड्याचं दाबयंत्र, काटा, आणि माप पाडायचं यंत्र. त्याच्या डोक्यावर पावडर ओतायची काचेची उभी नळी. फळीवर तीन बरण्या, प्रत्येकीवर एव्हरेटच्या बायकोच्या, आयोनीबाईंच्या, ठसठशीत अक्षरात आकडा. एक नंबरची बरणी सामन्याची. तिच्यातली पावडर एव्हरेटनी १९७९ साली एकाच उत्पादनातून घेतली होती आणि दुसरी कोणतीही सामन्याला वापरली नव्हती. दोन नंबरची रिकामी. तीन नंबरची सरावाची, छोट्या रायफलसाठी.

एव्हरेटनी कॉफी दिली. मी अर्धी प्यायले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "कॉफी घेशील ना?" मी कप उचलून दाखवला. ते हसले. मी काट्याकडे वळले.

त्यांनी लाल पुठ्ठ्याची वही पुढे केली. सामन्याची प्रत्येक भरणी तीत होती: तारीख, हवामान, किती काडतुसं, कोणत्या बरणीतून किती काढली, उरलेली कोणत्या बरणीत परत. प्रत्येक ओळीत काढलेली एक नंबरातून आणि परतही एक नंबरात. मी सगळी पानं वाचली. एकही चूक नव्हती.

"बाकावर एका वेळी एकच बरणी," एव्हरेट म्हणाले. "हा माझा पहिला नियम. दुसरा, भरण्याआधी बरणी दहा वेळा उलटीसुलटी करायची, म्हणजे वरची-खालची पावडर एकजीव होते."

आयोनीबाई अंगणात घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या.

"चौदा तारखेला वॉरन आले होते का?" मी विचारलं.

"आले होते. रायफलची नळी बदलायचा एव्हरेटचा पाना परत द्यायला. तासभर बसले."

"तेव्हा एव्हरेट काय करत होते?"

"काम करत होते." त्यांनी एक शेंग मोडली. "तुला जे जे बघायचंय ते ते माग हो, लिडिया. मी देईन."

मी आभार मानले आणि निघाले.

एव्हरेटचा जावई क्लिफर्ड दुधाचा टँकर चालवतो. तो मला डेअरीच्या फाटकात भेटला. "मी? पावडर? बाई, मला चहात साखर किती घालायची ते कळत नाही. किल्ली आहे माझ्याकडे, कारण आत पाण्याचा मुख्य नळ आहे." मग तो जरा गंभीर झाला. "मी म्हाताऱ्याला म्हणतो, पुरे आता. मे महिन्यात त्याने माझ्या गाडीचं एकच चाक दोनदा बदललं. सकाळी एकदा, जेवणानंतर परत. सासूबाई म्हणाल्या, कुठे बोलू नकोस."

"चौदा तारखेला तू कुठे होतास?"

"पहाटेपासून रात्रीपर्यंत रस्त्यावर. टँकरमध्ये वेळ आणि वेग नोंदवणारी तबकडी असते, तिच्यावर सगळं छापलं जातं. हवी तर घेऊन जा."

मी तबकडी घेतली. तो खरं बोलत होता. चाकाची गोष्ट मी लिहून घेतली नाही. ती मला पुरावा वाटली नव्हती.

वॉरन पायरीवर बसून झेंड्याच्या काठ्या तासत होते.

"तुम्ही चौदा तारखेला त्या खोलीत होता?"

"होतो."

"बरण्यांना हात लावलात?"

"नाही."

"लावताना दुसऱ्या कोणाला बघितलंत?"

त्यांचा चाकू थांबला. "तू मोजणी चांगली करतेस, लिडिया," ते म्हणाले. "तीच कर."

३

मंगळवारी संध्याकाळी मी गावच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत थांबले. तिथे माझी नोकरी होती, आणि डोळ्याच्या भिंगात पट्टी कोरलेली सूक्ष्मदर्शी होती.

उरलेल्या अकरा काडतुसांपैकी चार मी उघडली. वजनं अगदी सारखी निघाली. मग पावडरीचे दोनशे दाणे काचेवर पसरले आणि एकेक मोजला. ही पावडर म्हणजे कापलेल्या शेवयांसारख्या बारीक काड्या असतात. एकशे एकाहत्तर काड्या १.१ मिलिमीटरच्या आसपास होत्या. एकोणतीस ०.७ च्या आसपास. मधल्या लांबीची एकही नव्हती.

दोन वेगळ्या पावडरी. छोटी काडी तीन नंबरच्या बरणीतली होती. मी नमुना ताडून पाहिला. ती वेगाने जळते. बरणी दहा वेळा उलटीसुलटी करायची सवय नसती, तर तिचा थर वरच राहिला असता आणि पहिल्याच काडतुसाने रायफल फुटली असती.

बुधवारी फायर हॉलमध्ये मटाराचं सूप आणि हॅम होतं. तीस-पस्तीस माणसं. मी फळ्यावर आलेख काढला: दोन उंचवटे, मध्ये रिकामी जागा. कोणीतरी शीळ घातली.

हार्लन म्हणाले, "हे चुकून होऊ शकतं का?"

मी म्हणाले, "एव्हरेटच्या वहीत तशी नोंद नाही."

हे वाक्य खरं होतं. पण मी त्याच्या पुढचं वाक्य बोलले नाही: की नोंद नाही म्हणजे चूक झाली नाही, असं होत नाही. मला कोणी विचारलं नाही, आणि माझा आलेख सगळ्यांना इतका आवडला होता की मलाही तो पुरेसा वाटला.

"मग हात घातला गेला," एव्हरेट म्हणाले. "खोलीत मी होतो आणि वॉरन होता. वॉरन, तू घातकी निघालास."

हार्लननी विचारलं, "वॉरन, तुला काही सांगायचंय?"

वॉरन उठले. त्यांनी एव्हरेटकडे बराच वेळ बघितलं, मग त्यांच्या शेजारी बसलेल्या आयोनीबाईंकडे.

"चौदा तारखेला मी तिथे होतो," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

हात वर झाले. चोवीस विरुद्ध सात. वॉरनना उरलेल्या हंगामासाठी मनाई झाली. दुसऱ्या दिवशी सात नंबरच्या बाकावरची त्यांच्या नावाची पितळी पट्टी नव्हती; स्क्रूची चार भोकं होती.

४

नऊ दिवसांनी आयोनीबाई प्रयोगशाळेत आल्या. काखेत हिरव्या पुठ्ठ्याची एक वही.

"ही काय?"

"सरावाची वही. छोट्या रायफलची. कुरणं पोखरणारे ग्राउंडहॉग मारायला तो जातो ना, त्या काडतुसांची."

"दोन वह्या आहेत?"

"नेहमीच होत्या." त्या बसल्या नाहीत. "मी म्हटलं होतं, जे बघायचंय ते माग. मी वाट बघत होते तू मागशील म्हणून. तू मागितली असतीस तर मी दिली, एवढंच झालं असतं. मी स्वतःहून आणली तर मी माझ्या नवऱ्याविरुद्ध आणली, असं होतं. म्हणून नाही आणली. आता वॉरनची बायको चर्चमध्ये माझ्या शेजारी बसत नाही, तर आणली. म्हणजे बघ माझी लायकी."

मी चौदा जूनचं पान उघडलं. एव्हरेटचं अक्षर, सरळ आणि बारीक. साठ काडतुसं. माप-यंत्राची काचनळी खुणेपर्यंत भरली. काढली: बरणी ३. काम संपलं. नळी रिकामी केली. परत: बरणी १.

त्याखाली तीच नोंद पुन्हा एकदा होती, शब्दन् शब्द, जणू पहिली लिहिलीच नव्हती.

मी पान तीनदा वाचलं. मग प्रयोगशाळेचा कोट काढून ठेवला आणि त्यांच्या गाडीत बसले. कागदावरच्या एका आकड्यावर मी एकदा विसंबले होते. आता मला वजन हवं होतं.

एव्हरेट झोपले होते. आम्ही दोघींनी बरण्या काट्यावर ठेवल्या. आमचं माप ग्रेन. सात हजार ग्रेनचा एक पौंड. लाल वहीच्या हिशोबाने एक नंबरात ९,२४० ग्रेन उरायला हवी होती. भरली १०,६१०. म्हणजे १,३७० जास्त. उरलेली पावडर तीन नंबरातच परत गेली असती, तर हिरव्या वहीच्या हिशोबाने तिच्यात ५,९०५ हवी होती. भरली ४,५३१. म्हणजे १,३७४ कमी. चार ग्रेन सांडली असतील.

मग मी काचनळी खुणेपर्यंत भरली, तोलली, आणि साठ काडतुसांत गेलेल्या पावडरीचं वजन वजा केलं. उरले १,३७२.

घात करणारा मूठभर ओततो, कपभर ओततो. साठ काडतुसं भरून काचनळीत नेमकी जेवढी उरते तेवढी तो ओतत नाही.

"तो सांगतो, बाकावर एकच बरणी," आयोनीबाई म्हणाल्या. "त्या दिवशी वॉरन आले म्हणून त्याने जुनी पावडर दाखवायला एक नंबर खाली काढली. गप्पा झाल्या. वॉरन गेले. मग त्याच्यासमोर जी बरणी होती..." त्यांनी काट्याचं झाकण लावलं. "त्याला तूच सांग. माझं तो ऐकून घेईल आणि उद्या विसरेल. आकडे तो विसरत नाही."

५

मी सांगितलं नाही. दोन्ही वह्या, तीन वजनं आणि एक पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली.

एव्हरेटनी वजाबाक्या स्वतः केल्या. १,३७०. १,३७४. १,३७२. तिन्ही आकड्यांखाली एक रेघ ओढली, जशी ते पुंजक्यांच्या सरासरीखाली ओढत. मग हिरवी वही उघडली आणि चौदा जूनच्या पानावर बोट ठेवलं. बोट पहिल्या नोंदीवरून दुसरीवर गेलं, परत पहिलीवर आलं.

"हे अक्षर माझंच आहे," ते म्हणाले.

"हो."

"मला यातलं काही आठवत नाही."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"सभेत तू म्हणालीस, वहीत नोंद नाही."

"मी एकच वही बघितली होती. दुसरी आहे का, हे मी विचारायला हवं होतं. चूक माझी."

"तुझी चूक नऊ दिवसांची," एव्हरेट म्हणाले. "गाडी चालवता येते ना तुला? मला वॉरनकडे ने. आत्ता. मी लिहून घेतो कशासाठी जातोय ते." आणि त्यांनी खरंच तळहातावर पेनाने लिहिलं.

वॉरन पायरीवरच होते. एव्हरेट खालच्या पायरीवर बसले. पायऱ्या दोन असताना एव्हरेट खालच्या पायरीवर बसलेले मी पहिल्यांदाच बघत होते.

"तू बघितलं होतंस?" एव्हरेटनी विचारलं.

"ओतताना नाही. सोळा तारखेचं तुझं टार्गेट बघितलं. उभी रांग. तेव्हा आठवलं, त्या दिवशी बाकावर दोन बरण्या होत्या. तुझ्या बाकावर, एव्ह. चाळीस वर्षांत कधी नव्हत्या."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"काय बोलू? सभेत उभा राहून सांगू, की मी घातकी नाही, एव्हरेटचं डोकं चालत नाही? ते मला बरं वाटलं असतं?"

"मी तुला चोर म्हटलं."

"घातकी म्हणालास. चोर नाही. नोंद नीट ठेव."

एव्हरेट हसले, आणि हसता हसता त्यांनी तोंडावर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

मला राहवलं नाही. "तीस तारखेला नळी फुटली असती तर?" मी वॉरनना विचारलं. "तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही त्यांना झाडू दिलंत."

"त्या पंधरवड्यात मी चारदा त्याच्या फाटकापर्यंत गेलो," वॉरन म्हणाले. "चारदा परत आलो. याचं तू काय करायचं ते कर. मला अजून सुचलेलं नाही."

६

क्लबने वॉरनना पत्र लिहिलं. एकतीस सह्या होत्या, माझीही. वॉरननी पत्र घडी करून खिशात ठेवलं, पण पितळी पट्टी परत लावली नाही. "या वर्षी मी झाडणार नाही," ते हार्लनना म्हणाले. "पुढच्या वर्षी माझं नाव लावायला कोणी बाक दिलं, तर बघू."

एक नंबरची बरणी एव्हरेटनी स्वतः कुरणात नेऊन, पातळ रेघेत पसरून जाळली. सतरा वर्षांची पावडर. ज्वाळा फार उंच नव्हती. खोलीची आपली किल्ली त्यांनी आयोनीबाईंना दिली.

"एक सामना," ते म्हणाले. "सप्टेंबरचा. मग रायफल क्लिफर्डला, तो तिची दुधाच्या टँकरसारखी काळजी घेईल. म्हणजे अजिबात घेणार नाही."

वॉरनकडे त्याच १९७९च्या उत्पादनातली शेवटची बाटली होती, दोघांनी तेव्हा अर्धी अर्धी वाटून घेतलेली. ती त्यांनी उघडली. वीस पुंगळ्या साफ केल्या, तोलल्या, काडतुसं भरली. प्रत्येक माप दोनदा काट्यावर ठेवलं. एव्हरेट शेजारी बसून बघत होते. दर वेळी त्यांनी आकडा मोठ्याने वाचला.

बावीस सप्टेंबरला सकाळी ऊन होतं आणि वारा डावीकडून येऊन मध्येच पडत होता. एव्हरेट चार नंबरच्या बाकावर बसले. वॉरन नियमाप्रमाणे दहा फूट मागे, खुर्चीत, हात मांडीवर. झाडणाऱ्याला मागून एक शब्दही सांगायची परवानगी नसते. आयोनीबाई गाडीतच थांबल्या होत्या.

पहिली गोळी गेली तेव्हा झेंडे खाली लोंबत होते. दुसरीच्या वेळी ते उचलले गेले. वॉरनची बोटं मांडीवर घट्ट झाली. एव्हरेटनी झेंड्यांकडे मान वर केली, काही क्षण बघितलं, आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. तिसरी. चौथी. झेंडे आता सरळ आडवे होते, थांबायची वेळ होती. पाचवी.

गाडी लक्ष्यपत्रं घेऊन आली. मी एव्हरेटचं लक्ष्यपत्र टेबलावर पसरलं, कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि तीनदा मोजलं. ते दोघं दाराशी उभे होते, हार्लनही.

"वाच," एव्हरेट म्हणाले.

"उंची २.११८ इंच," मी वाचलं. "रुंदी १४.६५२."